उंदरापासून माणसापर्यंत

उलव्यात बामणडोंगरी किंवा खारकोपर स्थानकातून उतरून कुठल्याही सेक्टरात शिरा, मेडिकल लांब नसतं. संध्याकाळच्या वेळी तिथे थोडं थांबलं की दोन मागण्या हमखास कानावर पडतात. ‘लिव्हरसाठी एखादं टॉनिक द्या’ ही पहिली. दुसरी जरा दबक्या आवाजात, लॅबचा रिपोर्ट पुढे करत: ‘क्रिएटिनिन वाढलंय, ते उतरवायला काही आयुर्वेदिक मिळेल का?’ विचारणारा कधी गव्हाण-वहाळकडचा जुना रहिवासी असतो, कधी विमानतळासाठी गाव सोडावं लागलेला तरघर-कोंबडभुज्याचा माणूस, तर कधी अटल सेतू झाल्यावर मुंबईहून इकडे घर घेतलेला तरुण. प्रश्न रास्त आहे. काउंटरवर उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, हीच अडचण आहे. ते सविस्तर आणि मराठीत द्यावं म्हणून हे पुस्तक लिहिलं.

यकृत आणि मूत्रपिंड एकाच पुस्तकात का घेतली, ते आधी सांगतो. आपण गिळलेल्या बहुतेक औषधांची शेवटी विल्हेवाट लावतात ती हीच दोन इंद्रियं. यकृत औषधाचं रासायनिक रूप बदलतं आणि मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर काढतं. हृदयाचं किंवा सांध्यांचं औषध शोधणाऱ्याला निदान एवढा भरवसा असतो, की ते औषध पचवणारं यकृत बहुधा धडधाकट असेल. यकृताच्या औषधाचं तसं नाही. जे आजारी आहे त्याच्याच हातून औषधाला जावं लागतं. म्हणून या क्षेत्रात ‘गुण येतो का’ आणि ‘अपाय होतो का’ हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. ते एकाच श्वासात विचारावे लागतात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे घराघरातली पॅरासिटामॉल. नेहमीच्या मात्रेत तिच्यातला बराचसा भाग यकृत निमूटपणे निष्प्रभ करतं. थोडासा भाग मात्र एका विषारी रेणूत बदलतो आणि पेशीत साठवलेलं ग्लुटाथिओन त्याला लगेच पकडून ठेवतं. मात्रा फार वाढली की ग्लुटाथिओनचा साठा संपतो. मग तो मोकळा सुटलेला रेणू पेशींच्या प्रथिनांनाच चिकटतो आणि यकृत मरू लागतं. ही साखळी १९७०च्या दशकात उलगडली आणि उपाय तिच्यातच सापडला: ग्लुटाथिओन पुन्हा तयार व्हायला कच्चा माल पुरवायचा. एन-ॲसिटिलसिस्टीन हे त्यासाठीचं औषध. ते पहिल्या आठ तासांत मिळालं तर रोगी जवळजवळ नक्की वाचतो. इजा कुठल्या पायरीवर होते हे कळलं की औषध किती नेमकं निघतं, ते दाखवणारं इतकं सुबक उदाहरण या विषयात क्वचितच आढळेल, म्हणून पहिलं प्रकरण त्याला दिलं आहे.

आता आपल्या परिसराकडे वळतो, कारण या विषयाचा एक जुना धागा उलव्याच्या तालुक्याच्या गावी, पनवेलला आहे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली पनवेलला आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. तोच पुढे श्री धूतपापेश्वर म्हणून नावारूपाला आला. वैद्याने आपल्या रोग्यापुरतं खलात घोटायचं औषध ठरावीक पाठाप्रमाणे मोठ्या प्रमाणावर तयार करून दूरवर पाठवायचं, हे त्या काळात धाडसाचं काम होतं. यकृताच्या विकारांत वैद्य ज्या औषधाचं नाव आधी घेतात ती आरोग्यवर्धिनी अशाच शास्त्रोक्त पाठांपैकी एक. पारा-गंधकाची कज्जली, लोह, अभ्रक आणि ताम्र भस्म, त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ, चित्रक, आणि या सगळ्यांच्या वजनाइतकी एकटी कुटकी. म्हणजे गोळीचा निम्मा भाग हिमालयात उंचावर उगवणारं ते कडूजहर मूळ. कुटकीची तोड इतकी झाली, की १९९७मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराखाली निर्बंध आले.

परंपरेतलं असं औषध खरंच काम करतं का, हे काविळीवर तपासणं सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते फार अवघड आहे. आपल्याकडे काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारं कोणी ना कोणी प्रत्येक पंचक्रोशीत असतं. कुठे अनशापोटी एरंडाच्या पानांचा रस, कुठे नाकात देवडांगरीचे थेंब, कुठे चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणं. तिथे जाऊन बरी झालेली माणसं खोटं बोलत नसतात. ती बरी झालेलीच असतात. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे त्या आठवड्यांत जे काही दिलं त्याला यश मिळतं. ई विषाणू गरोदर बाईला गाठतो किंवा एखाद्याचं यकृत आतून आधीच निकामी होत आलेलं असतं, तेव्हा हेच औषध उघडं पडतं आणि तोवर रुग्णालय गाठायची वेळ निघून गेलेली असते. देवडांगरीच्या थेंबांनी नाकातून पिवळं पाणी वाहतं, त्याला लोक कावीळ बाहेर पडली असं समजतात. तो नाकाच्या अस्तराचा दाह असतो.

आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात औषधाचा वाटा किती, हे कळायला एकच मार्ग आहे. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला औषध आणि दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यायची, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळू द्यायचं नाही, डॉक्टरलाही नाही. अंतरकर, अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यवर्धिनीची अशी दुहेरी अंध चाचणी विषाणूजन्य काविळीवर केली आणि ती १९८० साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आली. पुढे त्यांनी गोळीतल्या त्या निम्म्या भागाकडे मोर्चा वळवला. १९९६च्या निबंधात एकट्या कुटकीची चाचणी आहे: मुळांचं चूर्ण ३७५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. औषध घेणारे १५ आणि निष्क्रिय गोळीवाले १८. काविळीचा पिवळा रंग आणणारं रक्तातलं बिलिरुबिन २.५ मिलिग्रॅम टक्क्यांपर्यंत उतरायला कुटकीच्या गटाला सरासरी २७.४ दिवस लागले, दुसऱ्या गटाला ७५.९. कॅप्सूलमध्ये पिक्रोसाइड १ आणि २ ही द्रव्यं किती आहेत हेही त्यांनी मोजून लिहिलं. हा तपशील मला निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कुठल्या कुटकीने गुण आला हेच नोंदलेलं नसेल, तर दुसऱ्याने तो प्रयोग पुन्हा करायचा कशाच्या आधारावर? तरीही १५ आणि १८ माणसांवरून सगळ्या देशाला औषध सांगता येत नाही. ते काम पुढच्या मोठ्या चाचण्यांचं.

इथे प्रयोगशाळेत डोकावावं लागेल, कारण औषधशास्त्राचे विद्यार्थी ज्या कामावर वर्षं घालवतात ते तिथे चालतं. विस्टार जातीचे उंदीर, सहासहांचे गट. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या नैतिक समितीची परवानगी आधीच घेतलेली. एका गटाला फक्त पाणी, दुसऱ्याला ऑलिव्ह तेलात मिसळलेलं कार्बन टेट्राक्लोराइड, तिसऱ्याला तेच विष आणि सोबत तुलनेसाठी सिलिमारिन हे यकृतरक्षक औषध, उरलेल्यांना विष आणि तपासायच्या वनस्पतीचा अर्क कमी-जास्त मात्रांत. शेवटी रक्त काढून यकृताची इजा दाखवणारे एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन मोजायचं. यकृत बाहेर काढलं की फरक उघड्या डोळ्यांनीही दिसतो: निरोगी यकृत गडद तांबूस तपकिरी आणि गुळगुळीत, विषाचं फिकट, पिवळट, तेलकट. मग पातळ काप, त्यांना रंग आणि सूक्ष्मदर्शक. मूत्रपिंडासाठी विष बदलतं. जेंटामायसिन किंवा कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन देतात आणि युरिया-क्रिएटिनिन बघतात. अर्क दिलेल्या गटाचे आकडे खाली आले की निबंध तयार होतो, आणि त्याच्या शेवटच्या वाक्यात ‘परंपरेतील वापराला दुजोरा मिळाला’ असं लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं या शेवटच्या वाक्यापाशी येऊन थांबतं. पुढची प्रकरणं ते वाक्य तपासण्यासाठीच लिहिली आहेत.

कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं सायटोक्रोम हे विकर त्याला फोडतं आणि त्यातून घातक रेणू निघतो. समजा आपल्या अर्काने ते विकरच दाबून टाकलं, तर विष तयारच होणार नाही, एसजीपीटी वाढणार नाही आणि यकृताचं रक्षण झाल्यासारखं दिसेल. पण दारूने, विषाणूने किंवा चरबीने बिघडलेल्या माणसाच्या यकृतात हे विष मुळात नसतंच, मग तिथे अर्काने रक्षण करायचं ते कशापासून? शिवाय तेच विकर आपण घेतो त्यातली काही औषधंही पचवतं, तेव्हा ते दाबलं तर दुसरीच भानगड उभी राहील. आणखी एक गोष्ट. अनेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी काही दिवस दिलेला असतो. माणूस दवाखान्यात येतो तो आजार झाल्यावर. मूत्रपिंडाचं तर याहून कठीण. जेंटामायसिनचा उंदीर आठवड्याभरात आजारी पडतो, मधुमेह्याचं मूत्रपिंड खराब व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्या पंधरा वर्षांचं औषध त्या एका आठवड्यातून कसं निघेल?

हे सगळं उंदरावरच्या कामाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. विद्यार्थ्यांच्या हातून ते व्हायलाच हवं. मात्रा, विषारीपणा आणि क्रियेचा माग तिथूनच लागतो. मुक्काम तिथेच पडतो याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. पुढचा घाट चढलेली माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत, हे या पुस्तकाच्या वाचकाला ठाऊक असायला हवं.

डॉ. शरदिनी डहाणूकर यांना मराठी वाचक ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’साठी ओळखतो. परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. ज्या झाडांवर त्यांनी इतकं जीव लावून लिहिलं, त्यांतल्या काहींना त्यांनी विज्ञानाच्या कसोटीलाही लावलं. त्यांच्या गटाने गुळवेलीवर केलेलं काम मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. पित्तनलिकेत गाठ होऊन कावीळ झालेला रुग्ण शस्त्रक्रियेला नेला, तर शस्त्रक्रिया चांगली होऊनही तो जंतुसंसर्गाने दगावण्याची मोठी भीती असते. याचं कारण असं, की तुंबलेल्या पित्ताने रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची ताकद घटलेली असते. डहाणूकर, निर्मला रेगे आणि शल्यचिकित्सक बापट यांच्या गटाने बरोबर ही जागा धरली. ‘गुळवेल यकृताला चांगली का’ असला ढोबळ प्रश्न त्यांनी इथे विचारला नाही. प्रश्न नेमका होता: या रुग्णांच्या पेशींची ती ताकद गुळवेल परत आणते का, आणि आणली तर रुग्ण वाचतो का?

१९९३ साली छापलेल्या त्या चाचणीत ३० रुग्ण होते. सगळ्यांना नेहमीचे उपचार होतेच: के जीवनसत्त्व, प्रतिजैविकं, पित्ताचा निचरा. एका गटाला शिवाय गुळवेल, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १६ मिलिग्रॅम. निचऱ्यानंतर यकृताच्या चाचण्या दोन्ही गटांत सारख्याच आल्या. नुसत्या एसजीपीटीवर भिस्त ठेवली असती, तर गुळवेलीला ‘निरुपयोगी’ ठरवून प्रयोग तिथेच संपला असता. पण पांढऱ्या पेशींची ताकद फक्त गुळवेल घेणाऱ्यांत पूर्ववत झाली. रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणं गुळवेल न घेणाऱ्या गटात निम्म्या रुग्णांत दिसली, गुळवेलीच्या गटात एकाही नाही. शस्त्रक्रियेनंतर तगलेले गुळवेल न घेणाऱ्या गटात ४० टक्के, गुळवेलीच्या गटात ९२.४ टक्के. गट लहान आहेत, त्यामुळे असा प्रयोग अनेक रुग्णालयांत, शेकडो रुग्णांवर झाल्याशिवाय त्याला उपचार म्हणता येणार नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत बघा. माणूस जगला का, हे त्यांनी मोजलं.

याच मुंबईत, याच गुळवेलीची दुसरी हकीकत २०२०मध्ये घडली. कोविडच्या भीतीने घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. कुंपणावरची वेल तोडून आणायची, बोटभर कांड ठेचायचं, उकळायचं, रोज प्यायचं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात कावीळ घेऊन आलेल्या अशा सहा रुग्णांची नोंद डॉ. आभा नगराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. यकृताच्या तुकड्याची तपासणी केली तेव्हा चित्र दिसलं ते शरीराने आपल्याच यकृतावर हल्ला चढवल्यासारखं. केंद्रीय आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की रुग्णांनी प्यायलेली वनस्पती खरी गुळवेलच होती हे तपासलेलं नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते. पुढे २०२२मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली.

वाचक विचारेल, मग खरं काय? दोन्ही खरं आहे. परळला मोजून दिलेला, ओळख पटवलेल्या वनस्पतीचा अर्क होता, ठरावीक दिवस होते आणि रक्त तपासणारे डॉक्टर शेजारी होते. घरच्या काढ्यात यांतलं काहीच नव्हतं. प्रतिकारशक्ती जागी करणं हा ज्या रुग्णाला तारणारा गुण, तोच गुण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटू पाहत आहे त्याच्या जिवावर बेतू शकतो. मला हे पटतं, पण ते अजून पुरतं सिद्ध व्हायचं आहे. आयुर्वेदाची बाजू घेणारे पहिली हकीकत सांगतात आणि विरोधक दुसरी. दोन्ही शेजारीशेजारी ठेवणारं लिखाण मराठीत फारसं माझ्या वाचनात आलेलं नाही, म्हणून पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण गुळवेलीचं झालं आहे.

भुईआवळीची गोष्ट त्यामानाने छोटी. पावसाळ्यात कुंड्यांमध्येसुद्धा उगवणारी ही रोपटी १९८८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात झळकली. मद्रासच्या त्यागराजन यांनी काविळीच्या बी विषाणूचा शोध लावणाऱ्या नोबेल मानकरी ब्लमबर्ग यांच्यासह केलेल्या अभ्यासात ३७पैकी २२ वाहकांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती, आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या २३पैकी एकाच्याच. जगभर खळबळ माजली. मग इतरांनी तसे प्रयोग केले आणि तो निकाल हाती लागला नाही. आज बी विषाणूवर टेनोफोविर, एन्टेकॅविर आहेत, लस आहे. भुईआवळी घेतो म्हणून त्या गोळ्या बंद करणं जिवावर बेतू शकतं.

मूत्रपिंडाच्या भागात वाचकाला आधी एक वेगळाच हिशेब शिकावा लागेल. क्रिएटिनिन उतरलं म्हणजे मूत्रपिंड सुधारलं असं दरवेळी नसतं. अंगावरचं मांस झडलं, खाणं तुटलं तरी ते उतरतं. उलट ज्या गोळ्यांनी डायलिसिस खरोखर लांबणीवर पडतं, त्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. गाळणीवरचा फाजील दाब कमी झाल्याची ती खूण असते. अशा काही गोळ्यांचं मूळ झाडात आहे. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं केलं गेलं. त्याने लघवीतून साखर जाते हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. त्या धाग्यावरून शंभराहून अधिक वर्षांनी जी औषधं बनली, त्यांतलं कॅनाग्लिफ्लोझिन २०१९च्या चाचणीत आणि डापाग्लिफ्लोझिन २०२०च्या चाचणीत मूत्रपिंडासाठी कसोटीला उतरलं. प्रत्येकीत चार हजारांवर रुग्ण. डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत मूत्रपिंड मोठ्या प्रमाणात ढासळणं, डायलिसिसची वेळ येणं किंवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या आजाराने मृत्यू, या सगळ्यांचा मिळून धोका ३९ टक्क्यांनी घटला. भारतात २०२०मध्ये पेटंट सरलं आणि ही गोळी सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली. झाडाच्या सालीतूनच आलेलं औषध आहे हे. फक्त ते उंदरापाशी थांबलं नाही.

झाडं मूत्रपिंड मारतातही. बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या चिनी वनौषधी घेतलेल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं १९९३ साली उघड झालं. दोष होता ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींतल्या आम्लाचा. आपल्याकडे सर्पदंशावर दिली जाणारी सापसन ही त्याच कुळातली. पारा आणि तांबं असलेल्या रसौषधींबद्दलही मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी आपल्या वैद्याला आणि डॉक्टरला, दोघांनाही, स्पष्ट विचारावं. मुतखड्यासाठी कुळथाचं कढण पिणाऱ्याला मी अडवत नाही. पण क्रिएटिनिन वाढलेल्याने दिवसभर कढणं-काढे पीत राहिलं, तर पोटॅशियम किती वाढेल हे कुणीच सांगू शकत नाही.

शेवटचं प्रकरण औषधांचं नाही, आणि ते मी हट्टाने घेतलं आहे. विंचूदंशावर प्राझोसिन देऊन असंख्य जीव वाचवणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच रायगड जिल्ह्यातले. त्यांनी २०१०मध्ये बुलढाण्याकडच्या मूत्रपिंडाच्या रुग्णांवर लिहिलं. मधुमेह नाही, रक्तदाबाचा इतिहास नाही, शेतात राबणारी माणसं, आणि मूत्रपिंड संपलेलं. त्यांनी त्या माणसांच्या पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवलं आणि त्यात शिसं आणि कॅडमियम असल्याची नोंद केली. त्याच भागातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आजही विहिरीचं खारं पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या माणसाला कुठली गोळी द्यायची, हा प्रश्न औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला परीक्षेत येणार नाही. त्या प्रकरणात मी विहिरीच्या पाण्याच्या तपासण्या कशा वाचायच्या, धातूंच्या मर्यादा किती आणि वेदनाशामक गोळ्यांचा त्यात काय हात असू शकतो, एवढंच लिहिलं आहे. उलवे, पनवेल, उरण भागातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांतल्या मुलांनी ते आधी वाचलं आणि मग ती पिंजऱ्यातल्या उंदरांकडे वळली, तरी चालेल.